प्रकल्प नोंदी: पहिली गाडी, तीही जुनी टर्बो पेट्रोल

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

चालवायला खरोखर मजा येईल अशी वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी आठ लाख रुपयांच्या आत घ्यायची, आणि ती घेतल्यावर पहिल्या वर्षाच्या गॅरेजच्या बिलांनी कंबरडे मोडणार नाही याची तजवीज आधीच करून ठेवायची, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. माझ्या नावावरची ही पहिलीच गाडी असेल. आठ लाखांपैकी दीड लाख रुपये आजच वेगळ्या खात्यात टाकले आहेत आणि गाडी कितीही आवडली तरी सौद्यात त्यांना हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. जुन्या साध्या गाडीत दुरुस्ती लांबवता येते, पण टर्बो गाडीत लांबवलेली दुरुस्ती बहुधा इंजिनावर येते.

या पैशात अस्सल अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येईल अशी गाडी मिळत नाही. मिळतात त्या घरगुती गाडीच्या पोटात दमदार इंजिन बसवलेल्या हॅचबॅक. २०१७ सालची २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस माझ्या आवाक्याबाहेर आहे. २००४ साली आलेली १.८ टर्बोची पहिली ऑक्टाव्हिया आरएस आवाक्यात येईल, पण तिची नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच संपली आहेत. उरल्या दोन. एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, जी आपल्या चाकणला तयार होत असे, आणि दुसरी फियाट अबार्थ पुंटो, जी रांजणगावला तयार झाली. दोन्ही गाड्या पुण्याच्या अंगणातल्या असल्यामुळे त्यांचे इंजिन उघडून पाहिलेले मिस्त्री इथे भेटतात. भावनेपेक्षा या गोष्टीला मी जास्त महत्त्व देते आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

गाडी पाहायला निघण्यापूर्वी टर्बोचे काम नीट समजून घेतले, कारण तपासायचे काय हे त्यावरच ठरते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. दाबलेली हवा गरम होते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून सिलिंडरात सोडली जाते. त्यामुळे लहान इंजिनही मोठ्या इंजिनाइतकी हवा आणि पेट्रोल पचवते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि सर्वसाधारण टर्बोमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल वेळेवर बदलले नाही, किंवा घाट चढून आल्या आल्या लालबुंद तापलेल्या टर्बोवर चावी बंद केली, तर आत अडकलेले तेल जळून त्याची काजळी होते, तेल पोहोचवणारी बारीक नळी चोंदत जाते आणि दांडा कोरडा पडतो.

यातून माझ्यापुरता एक नियम पक्का झाला. मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा तेलाची बिले महत्त्वाची. ऐंशी हजार किलोमीटर चाललेली पण दर वर्षी तेल बदललेली गाडी मी पाहायला जाईन. तीस हजार चाललेली, पण मधली चार वर्षे एकही बिल नसलेली गाडी पाहायलाही जाणार नाही. जाहिरातीत ‘कमी रनिंग’ हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात आणि तेलाविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, हे वाचताना जरा हसू येते.

गणपती तोंडावर आले आहेत, तेव्हा या आठवड्यात पेठांच्या भागात गाडी चालवून पाहण्याची आशा नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत २०१८ सालची पोलो जीटी टीएसआय पाहिली. १.२ लिटरचे इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा, सुक्या (तेलात न बुडवलेल्या) दोन क्लचचा, गिअर आपोआप बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स. या गिअरबॉक्सविषयी मी आधीच सावध होते, कारण तो चालतो तेव्हा फार सुरेख चालतो, पण त्यातले गिअर बदलण्याचे काम सांभाळणारे मेकाट्रॉनिक युनिट गेले तर माझा दीड लाखाचा राखीव निधी एका फटक्यात उडण्याची भीती असते. २०२० नंतरच्या पोलोत १.० लिटरचे इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (सुक्या क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. तो या बाबतीत निर्धोक आहे, पण त्या गाड्यांचे भाव अजून उतरलेले नाहीत.

गाडी बाहेरून लखलखीत होती आणि आत सुगंधी फवारा जरा जास्तच मारलेला होता. चालकाचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तेव्हा नेहमी गुंडाळलेल्या राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली. मग सीट पुढे सरकवून रुळांचे स्क्रू पाहिले, तर त्यांवर तांबूस गंज होता. सुटे चाक उचलले, तर त्याच्या खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ होता. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेचे पाणी एकता नगरीत शिरले होते, आणि ही सोसायटी तिथून लांब नाही. गाडी पाण्यात होती का, असे सरळ विचारले. उत्तर मिळाले, “पार्किंगमध्ये थोडंसं आलं होतं, इंजिनाला लागलं नाही.” सीटच्या रुळापर्यंत आलेले पाणी तिथल्या वायरिंगच्या जोडांपर्यंतही आलेले असते. चहा न घेताच निघालो. पुण्यात नदीकाठच्या किंवा आंबील ओढ्याच्या काठच्या भागातून गाडी घेणाऱ्याने इंजिनाच्याही आधी सीटबेल्ट ओढून पाहावा.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन आटोपले आणि शहर पुन्हा चालते झाले. बाणेरला एक अबार्थ पाहिली. सायलेन्सर बदललेला होता, एअर फिल्टर बाहेरचा होता आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ‘स्टेज वन’ला रीमॅप केल्याचे, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याची मांडणी बदलल्याचे, मालकाने अभिमानाने सांगितले. गाडी पळत होती, यात वाद नाही. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने इंजिन उघडायचे ठरवले तर अडचण नव्या मालकाची होते. शिवाय रीमॅप केलेली गाडी त्या मालकाने कशी चालवली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. विषय तिथेच संपला.

दुसरी बातमी मात्र कामाची आहे. ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेत १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला असून तो २२ सप्टेंबरपासून लागू होईल. नव्या लहान टर्बो गाड्या स्वस्त होणार, म्हणजे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना सध्या थोडी घाई असणार. त्यात आजपासून पितृपक्ष. या पंधरवड्यात गाडी घ्यायला कोणी फिरकत नाही, त्यामुळे पाहायला जाणाऱ्याचे स्वागत बरे होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

बिबवेवाडीला २०१६ ची अबार्थ पुंटो पाहिली. मालक पन्नाशीचे, पहिलेच मालक, पासिंग एमएच १२ चे, मीटरवर ६४ हजार किलोमीटर. अपेक्षा सहा लाख ऐंशी हजारांची. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा दिल्लीतली शोरूम किंमत नऊ लाख पंचाण्णव हजार होती आणि तेवढ्या पैशात १४५ अश्वशक्ती देणारी दुसरी हॅचबॅक देशात नव्हती. १३६८ सीसीचे टी-जेट इंजिन, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. फियाटने पुढे इथली गाडीविक्री गुंडाळली, म्हणून लोक या गाडीला बिचकतात. प्रत्यक्षात लिनिया टी-जेटमध्ये याच कुळातले इंजिन असल्यामुळे बरेचसे सुटे भाग मिळतात. नाना पेठेतल्या दोन दुकानांत मी आधीच विचारून आले होते. क्लच आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) सहज मिळतील आणि पुढचा बंपर मात्र मिळणार नाही, असे तिथे सांगण्यात आले. बंपरसाठी थांबण्याची माझी तयारी आहे.

मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका, असे फोनवर सांगितले होते. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, कारण गरम इंजिन निम्म्या खोड्या लपवते. चावी फिरवताच इंजिन एका झटक्यात सुरू झाले. पहिल्या क्षणी निळा धूर, म्हणजे तेल जळत असल्याची खूण, नव्हता. तेलाचे झाकण उघडून पाहिले, तर आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर नव्हता. तो असता, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तेलात मिसळत असल्याचा संशय घेता आला असता. टायरवरचा चार आकडी शिक्का २३२२ होता, म्हणजे ते २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातले. चारही काचांवर एकाच वर्षाची खूण होती, म्हणजे एखादी काच नंतर बदललेली दिसत नव्हती. डाव्या मागच्या दारावर रंगाचा हात फिरलेला जाणवला. विचारल्यावर मालकांनी सोसायटीच्या खांबाला घासल्याचे लगेच सांगितले आणि विम्याचा कागदही काढून दाखवला.

मग त्यांनी एक निळी फाइल आणली. २०१६ पासूनची सर्व्हिसची बिले क्रमाने लावलेली होती, आणि टाळेबंदीच्या वर्षातही, जेव्हा गाडी दोन हजार किलोमीटरसुद्धा चालली नव्हती, तेव्हाही तेल बदलल्याचे बिल होते. मी त्याचे कारण विचारले. “तेल उभ्या गाडीतही म्हातारं होतं,” एवढेच ते म्हणाले. एका गोष्टीची नोंद फाइलमध्ये नव्हती, ती म्हणजे टायमिंग बेल्टची. नऊ वर्षांच्या गाडीत मूळ बेल्ट अजून चालू असेल, तर तो तुटण्याची वाट पाहता येत नाही. किमतीच्या बोलण्यात हा मुद्दा येणार.

परिवहन विभागाच्या ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहिला. विमा चालू, पीयूसी चालू, थकलेले चलन नाही. पण नोंदणीवर एका बँकेचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, अजून दिसतो. कर्ज २०२१ लाच फिटल्याचे मालकांचे म्हणणे आहे आणि त्यांच्याकडे बँकेचे पत्रही आहे. आरटीओकडे जाऊन तो कोणी उतरवला नाही, इतकेच.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मिस्त्रींना घेऊन गेले. लिनिया टी-जेटवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. ते फार बोलत नाहीत आणि गाडीच्या मालकासमोर तर मुळीच बोलत नाहीत.

टर्बोपर्यंत जाणारा हवेचा रबरी पाइप त्यांनी सोडवला, मोबाइलचा दिवा आत धरला आणि मला वाकून पाहायला सांगितले. चक्राची पाती बारीक आणि टोकाला जवळजवळ कागदाइतकी पातळ दिसत होती. एखादे पाते टवका उडालेले आहे का, आणि बाहेरच्या कवचावर गोल घासल्याची चकचकीत रेघ आहे का, हे पाहायचे. दोन्ही नव्हते. मग त्यांनी मधला नट दोन बोटांत धरून आधी आडवा हलवला. तो किंचित हलला. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “ताई, एवढं हलायलाच पाहिजे. तेल भरलं की ती फट भरते.” त्यानंतर त्यांनी तोच नट आत-बाहेर ओढून पाहिला आणि मलाही तसे करायला लावले. तिथे बोटांना काहीच जाणवले नाही. त्या दिशेने खेळ जाणवला असता, तर दांड्याचे बेअरिंग झिजले असे समजून गाडी सोडायची, असे त्यांनी निघण्यापूर्वीच बजावले होते. पाइपच्या आत तेलाचा पातळ ओलसर थर होता, तो त्यांनी कागदाने पुसून दाखवला. इतका थर चालतो, थेंब साचलेले चालत नाहीत.

गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला. जुना दोष साठलेला नव्हता, आणि तो कालच पुसून टाकला आहे असेही दिसले नाही, कारण गाडीच्या स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या होत्या. कोड नुकतेच पुसले असते, तर त्या अपुऱ्या दिसल्या असत्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजले. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले.

नंतर जुना कात्रज घाट. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, की क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी तिथेच राहते. तसे झाले नाही. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पाठीत तो ढकलल्याचा जोर आला, आणि त्या क्षणी फुस्स असा हवा निसटल्याचा आवाज येतो का, यासाठी काचा वर करून, एसी बंद ठेवून ऐकले. उतारावर गिअरमध्येच गाडी सोडून मग एकदम ॲक्सिलरेटर दिला, तेव्हा मिस्त्री मागे दुचाकीवरून धूर पाहत होते. निळी झाक नव्हती. डावीकडच्या पुढच्या चाकाकडून खड्ड्यात खडखड येते, ती लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशची आहे. घाटातून परत आल्यावर मालकांनी माझ्या हातून चावी घेतली, इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवले आणि मग बंद केले. त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. गाडी घ्यायची हे माझ्यापुरते त्याच वेळी ठरले, पण मिस्त्रींच्या सूचनेप्रमाणे चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सहा लाख ऐंशी हजारांवरून सहा लाख पंधरा हजारांवर सौदा ठरला. टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप, लोअर आर्म आणि बोजा उतरवण्याचा व्याप हे तीन मुद्दे कागदावर लिहून, अंदाजी खर्चासह समोर ठेवले. जीएसटीचा विषय मी काढला नाही, तो त्यांनीच काढला. पन्नास हजार रुपये बोजा उतरून नोंदणी स्वच्छ दिसल्यावर द्यायचे, असे दोघांच्या सह्यांच्या करारनाम्यात घातले.

आईचे म्हणणे, पितृपक्षात विसारसुद्धा द्यायचा नाही. बाबांचे म्हणणे, “अगं, शब्द द्यायला कुठला पक्ष लागतो?” तडजोड अशी झाली की शब्द आज, पैसे घटस्थापनेला.

२२ सप्टेंबर, सोमवार

रक्कम बँकेतून थेट खात्यावर पाठवली, रोख एक रुपयाही दिला नाही. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यांवर सह्या झाल्या. विक्रेत्याने हस्तांतरण चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत गाडी नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. ‘सह्या करून देतो, तुम्ही सावकाश करून घ्या’ हा प्रकार पुण्यात सर्रास चालतो आणि तो दोघांच्याही अंगाशी येऊ शकतो, कारण तोवर कागदोपत्री मालक जुनाच असतो आणि चलनही त्याच्याच नावे फाटते. गाडी देण्याची तारीख आणि वेळ लिहून पावतीवर दोघांनी सही केली.

विमा नावावर करण्याचा अर्ज आजच भरला, कारण त्यासाठी चौदा दिवसांचीच मुदत असते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) त्यांच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागली. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमामूल्याची रक्कम कंपनीशी बोलून ठरते, म्हणून मी पहिला आकडा न स्वीकारता वाढवून मागितला आणि तो वाढवून मिळाला.

३० सप्टेंबर, मंगळवार

संगम पुलाजवळच्या आरटीओत. बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र लागते. २०२१ चे पत्र जुने झाले म्हणून नवे आणायला सांगितले. मालक स्वतः बँकेत गेले आणि त्यांनी ते आणले. पन्नास हजार रुपये अडकलेले नसते तरी ते गेले असते, असे मला वाटते, पण करारनाम्यातली ती ओळ मी पुन्हाही घालीनच. नवी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी त्यांनी आधीच बसवून घेतली होती. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती सक्तीची असल्यामुळे एक काम वाचले.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाल्यावर गाडी मिस्त्रींकडे लावली. बेल्ट काढल्यावर तो मूळचाच निघाला. पाठीवर बारीक आडव्या चिरा होत्या आणि नखाने दाबल्यावर त्या उघडत होत्या. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून नवा बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बसवले. ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक तेल, तेलाचा फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलले. पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घेतल्या, कारण ही गाडी वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. एक नळी कडक झाली होती, ती बदलली. बिल अडतीस हजार सातशे. राखीव निधीतून गेलेली ही पहिली रक्कम.

सोसायटीच्या तळघराच्या उतारावर पुढच्या बंपरचा ओठ घासतो. जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर आहे आणि उताराच्या तोंडाशी बिल्डरने केलेला उंचवटा तिला मान्य नाही. तिरपी नेली की जाते. समितीकडे अर्ज दिला आहे. त्यावर चर्चा होईल, असे कळवण्यात आले आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

नोंदणीपुस्तक टपालाने आले. नाव माझे आणि बोज्याचा रकाना रिकामा. उरलेले पन्नास हजार रुपये त्याच संध्याकाळी पाठवले. नोंदणी २०३१ पर्यंत वैध आहे.

शहरात लिटरला साडेनऊ ते दहा किलोमीटर आणि साताऱ्याच्या रस्त्यावर साडेचौदा असे ॲव्हरेज पडते आहे. तेलाची पातळी दर रविवारी गार इंजिनावर, सपाट जागी पाहते. बदलल्यापासून ती काडीवरच्या वरच्या खुणेवरून जराही हललेली नाही. टर्बोने तेल प्यायला सुरुवात केली, तर ते धुरात दिसण्याआधी या काडीवर दिसेल. लोअर आर्मचे बुश नाना पेठेत सांगून ठेवले आहेत. ते आले की चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यायचे आहे.